तात्यांनी निवळवलेलं पाणी

तात्यांची सगळी नोकरी शहराला पाणी पाजण्यात गेली. चहाच्या रंगाचं नदीचं पाणी एका बाजूनं जलशुद्धीकरण केंद्रात शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं आरशासारखं बाहेर पडायचं. मधल्या तुरटी, वाळू आणि क्लोरीनच्या संसारावर तात्यांची नजर असे. जंतू हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळावरची शीर उभी राही. बरोबरीचे लोक त्यांना 'क्लोरीनतात्या' म्हणत आणि तात्या ते पदवीसारखं मिरवत. निवृत्तीनंतरही कुणाकडे गेले की पेला आधी उजेडात धरून बघायचे, मग ओठाला लावायचे.

"अहो, पाणी प्यायला आलोय," बायको पुटपुटायची, "पास-नापास करायला नाही."

अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत सुनेनं माशांची टाकी आणून ठेवली. तळाला खडी, कोपऱ्यात एक गुरगुरणारी गाळणी, वर दिवा. सगळं होतं, फक्त मासे नव्हते.

"मासे काय नंतर पायी येणार आहेत?" तात्यांनी विचारलं.

"पाणी तयार झालं की येतील, बाबा."

"पाणी तयारच असतं. मी जन्मभर तयार करूनच पाठवलंय."

मग सुनेनं समजावून सांगितलं. माशांची घाण पाण्यात साठली की तिचं विष होतं. ते विष खाऊन संपवणारे जंतू असतात. ते आधी वाढवायचे, मग मासे आणायचे. जंतूंचं बिऱ्हाड असतं गाळणीतल्या स्पंजात. म्हणून मासे नसतानाही ती रोज चिमूटभर खाणं टाकायची. ते कुजायचं आणि जंतूंची पंगत बसायची.

"म्हणजे माझ्या घरात तू जंतूंना जेवू घालतेस?"

"हो. आणि टाकीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण टाकीत भरायचं पाणी ती आधी बादलीत उघडं ठेवायची, क्लोरीन उडून जावा म्हणून! त्या बादलीवरून जाताना तात्या मान फिरवून जात. आपली उभी हयात तिथून वाफ होऊन चालली आहे असं त्यांना वाटे.

सून रोज संध्याकाळी कामावरून आली की एका नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. हिरवा रंग आला तर विष आहे, पिवळा आला तर जंतूंनी ते फस्त केलं. बरेच आठवडे हिरवाच रंग येत होता. मग एकदा पिवळा आला आणि सूनबाई स्वयंपाकघरात नळी नाचवत गेल्या. "अजून थोडे दिवस असाच राहू दे, की मासे आणू!"

पाणी मात्र अजून ताकासारखं दिसत होतं. आणि नेमके तेव्हाच तात्यांचे जुने सहकारी चहाला यायचे होते.

क्लोरीनतात्याच्या घरात, ऐन दर्शनी भागात, गढूळ पाणी! सून कामावर गेली होती. तात्यांनी दार लोटलं, बाह्या सरसावल्या आणि चाळीस वर्षांची विद्या टाकीवर उतरवली. पाणी उपसलं. काचा पुसल्या. स्पंज ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात असा धुतला की जंतूंच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग नळाचं ताजं पाणी भरलं.

"वा!" सहकारी म्हणाले. "पाणी बघावं तर तात्याकडंच."

"हातच तसा आहे," तात्या म्हणाले.

संध्याकाळी सून आली, टाकीपाशी थबकली. "बाबा! आपोआप निवळलं! म्हणे शेवटी असं निवळतं. बघितलंत?"

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. पण सुनेचा चेहरा इतका उजळला होता की तात्यांनी मान डोलावली. "हो," ते म्हणाले. "हो ना. निवळलं."

बायकोनं त्यांच्या बोटांचा वास घेतला. "नोकरीचा वास येतोय हाताला," ती हळूच म्हणाली. "मी चोंबडेपणा करणार नाही. तोंड तुमचं आहे, तुम्हीच उघडा."

दुसऱ्या दिवशी नळीत हिरवा रंग आला. तिसऱ्या दिवशी आणखी गडद. सून कधी खाणं तपासायची, कधी दिवा, कधी स्वतःचं घड्याळ. जेवताना तात्या तिची नजर चुकवायचे. वर्तमानपत्राआड तोंड लपवावं तर तेही उलटं धरलेलं.

"परत देऊन टाकते टाकी," अखेर सून सासूला म्हणाली. नळी तिच्या हातात तशीच होती. "माझी आई म्हणायचीच, तुझ्या हातून काही तडीला जात नाही. खरंच आहे ते."

हे वाक्य तात्यांच्या काळजात खोलवर रुतलं.

"तुझा हात नाही त्यात," ते उठून म्हणाले. "माझा आहे. स्पंज मी धुतला."

"कशानं?"

"...ब्लीचिंगनं."

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नळीकडे बघत राहिली. "धुतलात ते धुतलात, बाबा. पण मी आपोआप निवळलं म्हणाले, तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

 तात्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली फरशी होती, आणि तीही त्यांनीच सकाळी लख्ख पुसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. आत दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत दारातच घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "थोडी... घाण मिळेल का?"

"काय?"

"तुमच्या जुन्या गाळणीतला स्पंज. न धुतलेला."

दुकानदार हसत सुटला. "मासे मागणारे रोज येतात, काका. घाण मागणारे तुम्ही पहिले!" तरी त्यानं एक काळाकुट्ट, ओला तुकडा पिशवीत बांधून दिला. रस्त्यानं तात्या ती पिशवी कुशीत धरून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणत घरी आले. सुनेनं क्लोरीन गेलेलं पाणी भरून ठेवलं होतं. तिनं फक्त टाकीकडे बोट दाखवलं. तात्यांनी डोळे मिटून तो तुकडा आपल्याच हातांनी त्या नितळ पाण्यात पिळला.

पुढच्या खेपेला सहकारी आले तेव्हा टाकी पुन्हा ताकासारखी.

"तात्या, हे काय? मागं आरसा होता की!"

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तात्यांचे कान तापले.

"मागं ती मेलेली होती," ते म्हणाले. "मीच मारली. हिनं कित्येक आठवडे जपलेलं, मी एका दुपारी धुऊन टाकलं. आणि तुमच्याकडून शाबासकी घेतली वर."

खोलीत खसखस पिकली. "शेवटी क्लोरीनतात्याच!" कुणीतरी म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा ती पदवी तात्यांना बोचली.

सुनेनं ट्रे ठेवला, खाण्याची डबी त्यांच्यापुढे सरकवली. "आजची चिमूट तुम्ही टाका, बाबा."

तात्या गडबडीनं उठले आणि हात धुवायला मोरीकडे निघाले.

"साबण नाही लावायचा!" सून मागून ओरडली.

"नाही, नाही," तात्या म्हणाले, आणि हातात घेतलेली साबणाची वडी त्यांनी हळूच जागेवर ठेवली.