श्वास घ्यायची जागा

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीलाही नाही. सहा वर्षं मी ते पोटात ठेवून बसलोय आणि आणखी साठ वर्षंही बसलो असतो — पण गेल्या मंगळवारी एका कॉलेजातून फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. सर, विद्यार्थ्यांसमोर 'निरोप'मधल्या त्या थांबण्याबद्दल बोलाल का? ते तुम्हाला कसं सुचलं, हे मुलांना ऐकायचंय.

कसं सुचलं! अहो, सुचलं असतं तर सांगितलं असतं ना.

तुम्ही 'निरोप' ऐकलं नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मी संगीतकार. तीस वर्षं मालिकांना पार्श्वसंगीत दिलं, मसाल्यांच्या जाहिरातींना चाली लावल्या. पन्नाशी उलटल्यावर एकदाच स्वतःसाठी म्हणून काहीतरी केलं — बेचाळीस वादकांची, बावीस मिनिटांची रचना. तिच्यात शेवटाकडे क्लॅरिनेट एकटं वर चढत जातं, खाली सगळी व्हायोलिनं एक स्वर धरून असतात, आणि वरच्या स्वराला पोचता पोचता क्लॅरिनेट तुटतं. त्याच्यासोबत सगळेच थांबतात. बेचाळीस माणसं, आणि एक आवाज नाही. मग क्लॅरिनेट तोच स्वर जरा खालून, चाचपडत, पुन्हा उचलतं. एवढंच. तिथे लोक रडतात. पुण्यात! जिथे कार्यक्रम आवडला तर माणूस 'बरा होता' म्हणतो आणि गाडी काढायला पळतो, त्या पुण्यात लोक खुर्चीत बसून राहिले होते.

एका जाणकार गृहस्थांनी वर्तमानपत्रात त्या थांबण्यावर दोन रकाने लिहिले. मौन, पोकळी, अस्तित्व — काय नव्हतं त्यात? तो लेख बायकोने फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. सहा वर्षं आमटीभात खाताना मी ते मौन वाचतोय. त्या गृहस्थांचा मला इतका राग येतो की विचारू नका. त्यांचा काय दोष? काही नाही. तरी येतो.

मुलाखतीत विचारलं तेव्हा मी सांगितलं, आईच्या शेवटच्या दिवसांत तिचा श्वास असा अडायचा, तिथून ते आलं. धादांत खोटं. आई झोपेत गेली, शांतपणे. मी तेव्हा खोलीबाहेर उभा राहून सोसायटीच्या पार्किंगवरून कुणाशी तरी फोनवर भांडत होतो. मेलेल्या आईला मी पुढे केलं, कारण आईच्या आड कोणी डोकावत नाही. पण ते सांगायला मी बसलेलो नाही. तो खोटेपणा तर मागाहून आला, पहिला झाकायला.

पहिला — थांबा, आधी इस्माईलभाईंबद्दल सांगायला हवं.

इस्माईलभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. लष्कर भागातल्या गल्लीपासून कोथरूडच्या मंगल कार्यालयापर्यंत पुण्यातली किती लग्नं त्यांनी वाजवली असतील, त्यांनाही ठाऊक नाही. वरातीत ते इतरांसारखेच एक. पण पाठवणीच्या वेळी सगळा बँड गप्प व्हायचा, ढोलवाला काठ्या काखेत धरायचा आणि इस्माईलभाई एकटे वाजवायचे. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला एक नेम होता. नवरीची गाडी निघाली की शेवटचा स्वर धरायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. मध्ये श्वास घ्यायचा नाही. स्वर तुटला तर पोरीच्या संसाराला खोट लागते. यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. पन्नास वर्षांत माझा स्वर एकदाही तुटला नाही, हे ते सांगायचे तेव्हा त्यात बढाई नसायची. आपण नाही का सांगत, मी कुणाचं काही बुडवलं नाही — तसं.

माझी कामाची पद्धत अशी की चाल आधी कुणाकडून तरी वाजवून घ्यायची, ती ऐकत बसायचं, आणि मग कागदावर उतरवायची. 'निरोप'ची चाल माझीच आहे — बघा, इथेही हे सांगितल्यावाचून राहवलं नाही. ती वाजवायला मी इस्माईलभाईंना बोलावलं. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून आले, क्लॅरिनेट मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. चाल दोनदा ऐकून घेतली आणि पहिल्याच टेकला अशी वाजवली की काचेअलीकडे माझ्याशेजारी बसलेला आमचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, झालं की सर, आता काय उरलं?

खरंच काय उरलं होतं? त्यात खोट नव्हती, आणि मला तेच डाचत होतं. सुंदर होतं, गुळगुळीत होतं, माझ्या मसाल्याच्या जाहिरातीसारखं. म्हटलं, पुन्हा घेऊ. पुन्हा. पुन्हा. इस्माईलभाई प्रत्येक वेळी मान डोलवायचे, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची रीड ओठांनी ओली करायचे आणि वाजवायचे. जेवणाची वेळ टळून गेली. चौदाव्या टेकला वर चढताना त्यांचा दम संपला. स्वर तुटला. खोलीत काही क्षण काहीच नव्हतं — आणि मग तो म्हातारा माणूस धडपडत, खालून, त्या स्वरावर परत चढला.

पंधरा दिवस जे शोधत होतो ते समोर होतं.

इस्माईलभाईंचा चेहरा पडला होता. तोंड पुसत म्हणाले, "माफ करा साहेब. असं कधी झालं नाही. परत घेऊ."

याच वेळी बोलायला हवं होतं. इस्माईलभाई, हेच हवं होतं, तुम्ही मला माझी रचना दिलीत — किती शब्द होतात? पण तसं म्हटलं असतं तर ते त्यांचं झालं असतं. मग 'निरोप'वर माझ्याबरोबर त्यांचं नाव आलं असतं, निदान लोकांनी विचारलं तरी असतं. तेव्हा मी असा सरळ विचार केला होता का? केला होता. अगदी सरळ केला होता.

मी म्हटलं, हो, परत घेऊ.

आणि आता ऐका, मी नेमकं काय केलं ते. पुढच्या टेकला त्यांनी हुशारीने आधीच्या ओळीत एक श्वास चोरला, म्हणजे वर जायला दम पुरेल. वाजवणाऱ्याला ठाऊक असतं कुठे श्वास घ्यायचा. तर मी बटण दाबून माइकवरून सांगितलं, तिथे श्वास घेऊ नका. त्यांनी आणखी अलीकडे घेतला. मी म्हटलं, तिथेही नको. श्वास घ्यायच्या एकेक जागा मी त्यांच्या बंद केल्या, आणि ते 'जी साहेब' म्हणत राहिले. मग तो स्वर दर वेळी तुटू लागला. हवा तिथे, हवा तसा. मी तो तीन वेगवेगळ्या माइकांवर घेतला. रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहायचं सोडून दिलं होतं. बाविसाव्या टेकला म्हटलं, बस झालं इस्माईलभाई, राहू दे. आवाजात थोडी निराशाही आणली. हो, मुद्दाम.

त्यांनी क्लॅरिनेट पुसलं, मखमलीत गुंडाळलं आणि गेले.

कार्यक्रमात क्लॅरिनेट वाजवलं गोव्याच्या एका तरुण वादकाने. छातीचा भाता असलेला मुलगा, तो तुटेना! त्याला ओरडून ओरडून मी त्या जागी तुटायला शिकवलं. नोटेशनमध्ये तिथे श्वासाची खूण केली आणि व्हायोलिनवाल्यांनाही गज उचलायला लावले, ज्यांना श्वासाशी काही देणंघेणं नसतं. इस्माईलभाईंना मी पास पाठवला नाही.

वर्षभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. नसीम. ती हिंजवडीत नोकरी करते, कंपनीच्या बसमधून बोलत होती. म्हणाली, सर, अब्बांनी त्या दिवसापासून वाजवणं बंद केलंय. कुणाच्या पाठवणीला जात नाहीत. दम गेला म्हणतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, फुप्फुसं तिशीतल्या माणसासारखी आहेत म्हणाले, पण हे ऐकत नाहीत. डॉक्टरला सुरातलं काय कळतं, साहेबांना कळतं, असं म्हणतात. तुम्ही एकदा घरी येऊन त्यांना सांगाल का?

मी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, हे म्हणायलाही आता लाज वाटते, कारण ठरवायला काय लागतं? येरवड्यात दोन खोल्यांचं घर. मखमलीचं गुंडाळं कपाटावर, त्यावर जुन्या उशा. इस्माईलभाई मला पाहून हरखले. शेजारून खुर्ची मागवली, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. चहा झाला. मग माझे हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, बावीस वेळा संधी दिलीत मला. दुसरा असता तर तिसऱ्या वेळीच घरी पाठवलं असतं. आणि वर एक शब्द बोलला नाहीत."

ते माझे आभार मानत होते. कळतंय ना तुम्हाला? माझे आभार.

दारात नसीम उभी होती. तोंड उघडायचं आणि बोलायचं, एवढंच काम होतं. मी म्हटलं, चहा छान झालाय.

मग त्यांनी विचारलं, शेवटी वाजवलं कोणी. गोव्याचा एक मुलगा होता, मी म्हटलं. ते थोडे पुढे सरकले.

"वरची ओळ त्याने एका श्वासात नेली?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले, मान हलवली. "शाबास," म्हणाले. "म्हणजे पोरगी नीट गेली."

खाली उतरताना नसीमने विचारलं, बोललात का सर? मी म्हटलं, बोललो, पण ते ऐकत नाहीत. तिने जिन्यात उभं राहून मला नमस्कार केला.

इस्माईलभाई आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. येरवड्यातच असतात, माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, त्यांना सांगितलेलं नाही. कॉलेजला मी येतो म्हणून कळवलंय.