धाकट्या शेठची शाबासकी

"कान धर."

मालधक्क्यावर, भर दुपारी, वीस माणसांच्या टोळीसमोर. माझ्या हातून केळीचा एक घड निसटला होता. एकच. हुकूम सोडणारा केळीच्या व्यापाऱ्याचा पुतण्या, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सगळे त्याला धाकटे शेठ म्हणत. मी दोन लेकरांचा बाप. मी कान धरले. बायको त्याच टोळीत घड उचलत होती. माझी लाज राखायला तिनं मान फिरवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही साक्रीकडची माणसं, गावकुसाबाहेरची. पोटासाठी पार रावेरकडच्या एका स्टेशनावर आलेलो. दिल्लीला जाणारे केळीचे डबे भरायचे. डबे लागले की ठरलेल्या वेळात भरले पाहिजेत, गाडी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. त्या घाईत धाकट्या शेठला एकच गोष्ट यायची, चारचौघांत माणसाची अब्रू काढणं. त्याला वाटायचं, माणूस लाजला की भराभर चालतो. चालायचो आम्ही, भीतीनं. पण भीतीनं हात घामेजतात आणि मग आणखी घड निसटतात. एवढं साधं त्याला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांनी जुना मुकादम काम सोडून गेला. मला लिहितावाचता येत होतं, म्हणून मुकादमी माझ्याकडं आली. गळ्यात शिट्टी आली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आता टोळीला चांगले दिवस, असं मनाशी म्हणालो. कसलं काय!

त्या उन्हाळ्यात एकदा डबे उशिरा लागले. दोन तासांचं काम एका तासात उरकायचं. घसा बसलेला, डोकं फिरलेलं. तेवढ्यात भिका आबांच्या खांद्यावरून घड खाली आला. साठीचा माणूस, माझ्या बापाचा जोडीदार. आणि माझ्या तोंडून निघालं, "कान धर."

आबा म्हणायचंही राहिलं.

त्यांनी धरले. लगेच. त्यांच्या हातांना सवयच होती. टोळी भराभर चालू लागली. मागून पाठीवर थाप पडली. धाकटा शेठ हसत होता.

"शाबास. आता कळलं तुला माणसं कशी हाकायची."

हाकायची. गुरं हाकतात.

त्याच्या कुठल्याच शिवीनं मला एवढं लागलं नव्हतं. मी कान धरले तेव्हा निदान त्याच्या समोर उभा होतो. आज त्यानं मला आपल्या शेजारी उभं केलं होतं. मला माझीच किळस आली.

मी शिट्टी मारली. काम थांबवलं. आबांचे हात धरून खाली घेतले, तर तव्यासारखे तापलेले.

"मनं चुकनं, आबा. काय व्हयनं तुले?"

"दोन रोजपाइन ताप शे, पोऱ्या."

"मंग सांगं का नही?"

"सांगीसन कोन आयकस?"

ऐकायचं काम माझं होतं. दोन दिवस त्यांच्या तोंडाकडं मी नीट पाहिलंही नव्हतं. घड मात्र सगळे पाहिले होते. आबांना सावलीत बसवलं आणि त्यांच्या वाटचे घड मी उचलू लागलो. शेठ खवळला.

"गाडी चुकली तर मुकादमी गेली समज. त्या म्हाताऱ्याला आधी माफी मागायला लाव."

"शेठ, आबांची माफी मी मागितली. तुम्ही मागायची अजून बाकी आहे."

सगळ्या टोळीनं ऐकलं. डबे कसेबसे वेळेत भरले. तरी दुसऱ्या दिवशी माझी शिट्टी काढून घेतली.

पुढं दुसऱ्या धक्क्यावर पुन्हा मुकादम झालो. काम सुरू करण्याआधी मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघतो. कोण आजारी, कुणाचं घरी बिनसलंय, ते विचारतो. डबे उशिरा लागले की राग मलाही येतो, भयंकर येतो. तेव्हा मी आधी तोंड मिटतो आणि घडाला खांदा देतो.

धाकट्या शेठची मला आता भीती नाही. भीती माझीच वाटते. त्या दिवशी तो माझ्या तोंडून बोलला होता. त्याला पुन्हा बोलू देणार नाही. मुकादमी जावो, मजुरी जावो.