पेरणीला घरी गेलेलं सैन्य

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्माचा दोष. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसाला शाळाखात्याने खालापुराजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून नेमलं. समोर डोंगर, मागे डोंगर, मध्ये वीस पोरं आणि मी. घाटातून आगगाडीची शिटी ऐकू आली की जीव कासावीस व्हायचा. कुठंही जावं, पण इथून जावं!

चैत्रातल्या दुपारी शाळेच्या ओट्यावर मी गावाला पोथी वाचून दाखवायचो. पुरुष दोर वळत, बायका चिंचा फोडत. त्या वर्षी पोथी लवकर संपली आणि मला रिकामं बसवेना. शाळेच्या कपाटात अमेरिका खंडाच्या इतिहासाचं एक जाडजूड मराठी पुस्तक धूळ खात पडलं होतं. तेच काढलं.

"कुठला देश म्हनालात?" माझ्या घरमालकीण काकींनी विचारलं.

"पेरू."

"मंग खायाला बरा!"

सगळे खो खो हसले. काकींच्या जिभेला हाड नव्हतं आणि शेतातल्या कामात त्या कुठल्याही गड्याला हार जात नव्हत्या.

पण दोन दिवसांत हसणं थांबलं. स्पेनच्या लोकांनी डोंगरातल्या इंका राजाला भेटीला बोलावून पकडलं, सुटकेसाठी खोलीभर सोनं घेतलं आणि तरीही मारलं, हे ऐकून काकींनी कडाकडा बोटं मोडली. मग त्याचा भाऊ स्वतः राजा म्हणून उठला. डोंगराडोंगरांतून माणसं आली आणि स्पेनवाल्यांनी बळकावलेल्या राजधानीला वेढा पडला. तापवलेले दगड गोफणींनी फेकून त्यांनी छपरं पेटवली. गोफण म्हटल्यावर पायरीवर बसलेला ठाकर एकदम ताठ झाला. हा वरच्या ठाकरवाडीतला. लाकडाची मोळी विकायला खाली यायचा आणि वाचन संपेपर्यंत हलायचा नाही.

पुढे पुस्तकात असं होतं की वेढा महिनोन्महिने चालला, पेरणीचे दिवस आले आणि सैन्यातले शेतकरी आपापल्या घरी निघून गेले. एवढं मी मोठ्याने वाचलं. पुढच्या चार ओळी मनात वाचल्या आणि पुस्तक मिटायला लागलो.

"मिटू नका!" काकी ओरडल्या. "राजा एकटा पडलाय, आन तुमी पोथी मिटताय? संकटात पोथी मिटत्यात का कदी? आन काय वो, पेरनीला सगळेच्या सगळे घरी गेले? सावड ठाव नव्हती त्या मुडद्यांना?"

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. एवढं साधं. पण ते ऐकून माझ्या अंगात वारं शिरलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवून मी सांगत सुटलो. निम्म्यांनी वेढा धरला, निम्म्यांनी सगळ्यांची शेतं पेरली. पीक आलं तसं बायका टोपल्या घेऊन वेढ्यावर आल्या. आत शत्रू उपाशी, बाहेर पंगती! दरवाजे उघडले, घोडे धरले, स्पेनवाले समुद्राकडे पळाले आणि जहाजांत बसून गेले ते गेले. चार दिवस हे चाललं. एवढा आनंद मला शाळेत शिकवताना कधी झाला नाही.

चौथ्या दिवशी मी वाहवलो. त्या वर्षी सरकारने डोंगरातलं रान बंद केलं होतं. भाताचं रोप करायच्या जागेवर आधी पाला-फांद्या जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाशिवाय रोप जोर धरत नाही. आता फांदी तोडायला परवानगी हवी, आणि ती गरिबाला कोण देतो? ओट्यावर रोज तेच रडगाणं होतं. म्हणून माझ्या राजाने गादीवर बसताच पहिला हुकूम काढला की डोंगरातली फांदी ज्याला राबाला लागेल त्याने तोडावी.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बातमी आली. त्या ठाकराने बंद रानात शिरून ऐनाच्या फांद्या तोडल्या, अडवणाऱ्या रखवालदाराला ढकललं आणि खालापूरच्या महालकऱ्यांनी त्याला चार महिन्यांची कैद ठोठावली. त्याची काळजी नंतर, आधी मला नोकरीची भीती. खोटं कशाला सांगू? दोन दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी माझी मलाच शरम वाटली आणि खालापूरची वाट धरली.

त्याला ठाण्याच्या तुरुंगात न्यायचं होतं, तोवर कचेरीच्या कोठडीत बसवलं होतं.

"अरे, ते सगळं खोटं होतं रे," मी गजांपाशी जाऊन म्हणालो. "मी रचलेलं."

"ठाव हाय, मास्तर. चार दिस तुमी पान उलटलं नाय."

"मग तरी कोयता घेऊन गेलास?"

"पुस्तकातलं आसतं तं परक्याचं आसतं. तुमी आपल्या तोंडानं बोललात." मग त्याने विचारलं, "माज्या लावनीला सावड व्हईल ना?"

"होईल," मी म्हणालो, आणि बोलून चुकलो.

गावात विचारलं तर काकी उखडल्या. "आवो, ती गोष्टीतली सावड! वरच्या वाडीसंगं आमची सावड कदी व्हती? त्यांचं त्यांच्यापाशी, आमचं आमच्यापाशी." मी शेजारच्या कुंभिवली गावापर्यंत वणवण केली. सगळ्यांनी माना हलवल्या.

ठाकराच्या बायकोने शेणकाडी जाळून कसंबसं रोप केलं होतं. आषाढात ते उपटणीला आलं. आठ दिवसांत लावलं नाही तर वर्ष वाया, आणि तिच्या पदरी तान्हं मूल. मी शाळेला सुट्टी दिली, धोतर खोचलं आणि चिखलात उतरलो. जन्मात रोप हातात धरलं नव्हतं. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग तिला हसू आवरेना.

"मास्तर, पोराचा कान न्हाय तो, पिळताय काय!"

दुपारपर्यंत कंबर मोडली आणि लावून झाला एक कोपरा. मला रडू आलं. ओट्यावर केवढा मोठा सेनापती होतो मी!

दुसऱ्या दिवशी पाठीमागे चिखलात पावलं वाजली. लुगडं खोचून काकी, त्यांच्या मागे त्यांची सून.

"शी! बैल मुतल्यावानी रेघ वडलीय! सरा तिकडं."

"तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"आजूनबी न्हायच म्हनते. पन चांगल्या शेताची ही दशा बघवंना."

तिसऱ्या दिवशी गावातले आणखी तिघं आले. कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. पाचव्या दिवशी शेत लावून झालं.

भाद्रपदात ठाकर सुटून आला. मला घेऊन शेतावर गेला आणि सगळ्या बांधांवरून फिरला. काकींच्या सरळ रेघा, आणि कडेला माझा वाकडातिकडा तुकडा.

"पुस्तकात खरं काय झालं, मास्तर?"

"सगळे पेरणीला घरी गेले. राजा एकटा पडला. पुढे त्याला मारलं."

तो बांधावर बसला. लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. त्याने माझ्या तुकड्यातली एक हातात घेऊन पाहिली आणि सोडली.

"मंग त्याच्याकडं लावनीला कुनी गेलं नसंल," तो म्हणाला.