नुसता चहा

हातावर स्पिरिटचा बोळा फिरला की त्या वासासरशी मला धरणगावचं थोरल्या बहिणीचं, अक्काचं, अंगण आठवतं. तिची मुलगी, माझी भाची, जळगावात संशोधन करायची. किडनीचा आजार लवकर कळावा म्हणून रक्तातली एखादी खूण ती संगणकाकडून शोधून घेत होती. धुळ्याच्या दवाखान्यातल्या रुग्णांचं रक्त एकीकडे, अक्काच्या घरी जमून दिलेलं आम्हा धडधाकट नातेवाइकांचं दुसरीकडे. खूण सापडली, भाची हरखली; पण संगणक मला एकट्याला रुग्णांत टाकत होता. झालं! मी अंगणात येरझारा घालू लागलो, दर फेरीला वाकून पाय सुजलेत का ते दाबून बघू लागलो. "मामा, बसा हो जरा," म्हणत तिने सगळ्यांना विचारलं, "रक्त देताना उपाशीच होतात ना?" "एकदम उपाशी," तिचे आजोबा, आबा, म्हणाले, "नुसता चहा घेतला." बाकीच्यांचंही तेच. अक्का उसळली, "घर लोके येतीन अन् चहा बी देवाना नही का?" माझा कप तेवढा गार आला म्हणून मी रुसून परत पाठवला होता. धुळ्याचे रुग्णही नर्सच्या धाकाने खरोखर उपाशी होते. म्हणजे यंत्राने आजार नव्हे, अक्काचा चहा ओळखला होता! सुटलो म्हणून मी टाळी वाजवली आणि भाचीकडे पाहिलं. एवढी मेहनत वाया गेलेली ती पोर मान खाली घालून बसली होती. मी पुन्हा रक्त द्यायला बाही वर सारली. सगळ्यांचं खरोखर उपाशीपोटी रक्त घेऊन सापडलेली तिची नवी खूण आता मोठ्या दवाखान्यात तपासली जातेय. तिचा फोन वाजला की मी अजूनही उठून फेऱ्या मारतो, पण पाय दाबून बघायचं सुचत नाही.