काचेभोवतीची फट

मी भित्रा माणूस आहे, आणि आमच्या धंद्यात तो गुण धरतात. डोंगरावरच्या एका मोठ्या दुर्बिणीसाठी आम्ही कॅमेरा तयार करत होतो. एकाच फोटोत आभाळाचा भलामोठा तुकडा मावेल असा. त्यातलं सगळ्यात मोठं भिंग परातीएवढं होतं. ते धरून ठेवणारं ॲल्युमिनियमचं कडं बनवण्याचं काम माझ्याकडे होतं. भिंग एकच. घासायला दोन वर्षं गेलेली.

चाचणीच्या दिवशी मी लातूरला घरी आलो होतो. भिंग कड्यात बसवून झालं होतं. अकरा वाजता आमच्या मॅडम ते शीतपेटीत ठेवून उणे वीस अंशांपर्यंत नेणार होत्या, कारण डोंगरावर तेवढी थंडी पडते. आपलं काम संपलं, अशा समजात मी वडिलांबरोबर आमच्या डाळमिलवर गेलो.

मिल दुरुस्तीसाठी बंद होती. मिस्त्रीने एक लोखंडी कडं जाळावर लाल केलं, चिमट्याने उचललं आणि दांड्यावर अलगद सरकवलं.

"आता गार होऊ द्या, अण्णा," तो वडिलांना म्हणाला. "गार झालं की असं आवळतंय, घन घातला तरी सुटत न्हाई."

मी खिशातून फोन काढला.

माझं कडं मी मोजलं होतं मे महिन्यात, भरदुपारी, पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये. बेचाळीस अंश तरी असतील. काचेभोवती ठरवलेली फट बरोबर भरली आणि मी खुशीत सही ठोकली. ते माप वीस अंशांना घ्यायचं असतं. पुण्याचा माणूस असता तर घाम पुसता पुसता त्याला आठवलं असतं. मी पडलो लातूरचा. बेचाळीसला आम्ही ऊन म्हणत नाही, मग लिहून कशाला ठेवू? थंडीत ॲल्युमिनियम काचेपेक्षा जास्त आकसतं. ती फट मिटणार होती आणि भिंग तडकणार होतं.

पावणेअकरा झाले होते. मॅडमचा फोन नुसता वाजत राहिला. आत जाताना फोन बाहेरच्या पेटीत ठेवायचा, हा नियम सगळ्यांना मीच ऐकवत असे. दहा वेळा लावला असेल.

"का रे, तोंड का उतरलंय?" अण्णांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"दुसरी काच मिळत न्हाई का?"

"न्हाई, अण्णा."

त्यांनी मिस्त्रीला ठोकाठोक थांबवायला खुणावलं आणि ते माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले.

साडेअकराला फोन आला. मला तो उचलवेना. अण्णांनीच बटण दाबून माझ्या कानाला लावला.

"तुमच्या मापाच्या कागदावर तापमानाचा रकाना कोरा आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मी पेटी सुरू केली नाही. त्या दिवशी किती होतं?"

मी पोत्यावरून उठून उभा राहिलो.

"लई ऊन होतं, मॅडम."