धर्माकाकांचं ‘व्हय’

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये ते दारातल्या चपलांसारखे साचतात. मला ते नीट सांगता येतील का, ही धाकधूक आहेच!

मी मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पेणला आणि शनिवारी रोह्याला फिजिओथेरपिस्ट सुनीताच्या मदतीला बसतो. पेशंट हुकमी, गप्पिष्ट, चिकित्सक की मवाळ, ते ओळखायचं आणि त्याच्या कलाने कसं बोलावं ते तिला सुचवायचं. या वयात तिने मला कामाचा मानलं, हे उपकारच.

*

रोह्याचे एक कंपनी सुपरवायझर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काहीही सांगा, डाफरायचे. मी कुजबुजलो, “हुकमी आहेत. हुकूम त्यांनाच सोडू दे.”

“साहेब, गुडघ्याला ऑर्डर तुम्हीच द्या,” सुनीता म्हणाली.

साहेब गरजले, “वाक!”

शेजारचे दोन पेशंटही वाकले!

*

धरमतरकडच्या एक मावशी, गप्पिष्ट. व्यायाम म्हटलं की जावेची गोष्ट सुरू!

“सांगा की, पण चालत चालत,” सुनीता म्हणाली.

गोष्ट संपली तेव्हा मावशी फाटकापाशी पोचल्या होत्या. “मेले, मना चालवलंस गो!”

*

एकदा सुनीताला विचारलं, “माझा स्वभाव कुठला?”

“चिकित्सक, सर.”

“नक्की? दुसरा एखादा असू शकेल का?”



*

पेणजवळच्या जोहे गावचे धर्माकाका गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला. तो हात पुन्हा ब्रश धरेल का, एवढाच घरच्यांना घोर.

“व्यायाम केलात?”

“व्हय.”

“कसला व्हय!” काकू तडकल्या. “हात मांडीवर ठेवून बसतात नुसते!”

काका मवाळ. त्यांचं ‘व्हय’ म्हणजे होकार नव्हे, समोरच्याचा मान. मी विनवलं, “काका, पटलं नाही तर सरळ ‘नाय’ म्हणा.”

“व्हय,” काका म्हणाले!

*

मग सुनीताने काकूंना डोळे न काढलेली एक छोटी मूर्ती आणायला सांगितली. ती काकांसमोर ठेवली आणि ब्रश माझ्या हातात दिला. “सर, डोळे तुम्ही काढा.”

मला घाम फुटला. ब्रश जेमतेम टेकला आणि समोरून आवाज आला,

“नाय!”

आम्ही सगळे थबकलो.

“नाय, सर! देव तिरळा हुईल! द्या इकडं!”

उजवा हात मांडीवरून उठला. हळूहळू, थरथरत. काकूंनी पदर तोंडाशी धरला. बोटं ब्रशभोवती कशीबशी मिटली, मूर्तीवर एक वेडीवाकडी रेघ उमटली. काकांच्या कपाळावर घाम आला.

सुनीता हळूच म्हणाली, “दमलात, काका. आता थांबूया?”

काकांनी मूर्तीवरची नजर हटवली नाही.

“नाय.”