टेंभेकरांच्या वहीतली खूण न केलेली ओळ

जगदीश टेंभेकरांना लखनऊतल्या अलीगंजचे भाजीवाले ओळखतात ते त्यांच्या वहीमुळे. चार वांगी घ्यायची तरी आधी खिशातून वही निघते. लिहायचं, मग घ्यायचं, घेतलं की खूण करायची. "अंकल, बैंगन है, मकान की रजिस्ट्री नहीं," असं एका भैयानं तोंडावर सुनावलं, तरी फरक शून्य. बायको नंदा तर चारचौघांत सांगते, "लग्नात उखाणासुद्धा चिठ्ठीत बघून घेतला यांनी!"

मिरज सोडून बावीस वर्षं झाली. इथल्या एका वनस्पती संशोधन संस्थेत ते सर्व्हर सांभाळतात. सर्व्हरच्या खोलीचा एसी असा, की लखनऊच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून बसणारा शहरातला हा एकटाच माणूस. कामही स्वभावाला साजेसं. डिस्कवर बदल करताना सर्व्हरसुद्धा एक कच्ची वही ठेवतो, जर्नल म्हणतात तिला. मध्येच वीज गेली, तर ती वाचून तो स्वतःला सावरतो. वही ठेवायच्या तऱ्हा तीन. एकीत सगळा मजकूर आधी वहीत, मग जागेवर. बिनधोक, पण दुप्पट काम. दुसरी ऑर्डर्ड, म्हणजे आधी मजकूर जागेवर, मगच वहीत त्याच्या नावा-आकाराची नोंद. तिसरी राइटबॅक: नोंद आधी झाली तरी चालेल, मजकूर येईल सवडीनं. वेग भन्नाट, आणि भरवसा विजेवर! डिस्क जोडताना यातली कुठली हवी ते एका ओळीत सांगावं लागतं. टेंभेकरांची ओळ वर्षानुवर्षं ऑर्डर्डच.

जुलैत निशिगंधावर काम करणाऱ्या विभा त्यांच्या खोलीत आल्या. पाहणीसाठी पाहुणे यायचे होते, आकडेमोड संपत नव्हती.

"जगदीशराव, तुमचा सर्व्हर अगदी तुमच्यावर गेलाय हो. दहादा विचारतो, मग एक पाऊल टाकतो."

दारात डोकावणारी संस्थेतली माणसं खदखदून हसली. टेंभेकरही हसले, पण ते लागलं. माणसं पांगल्यावर त्यांनी डिस्क सोडवली, ओळीत राइटबॅक घातलं आणि पुन्हा जोडली. वहीत लिहिलं, 'सोमवारी परत बदलणे.'

"वा, पळायला लागला की!" विभा म्हणाल्या.

त्या एका 'वा'वर स्वारी महिनाभर तरंगत होती. सोमवार आले नि गेले. खूण न केलेली ती ओळ रोज दिसायची आणि टेंभेकर पान उलटायचे. विसरले असते तर एक वेळ ठीक होतं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, दोनदा कण्हल्या आणि थांबल्या. दहा मिनिटांनी सगळं सुरू झालं, तेव्हा विभा हसतच आल्या.

"जगदीशराव, माझ्या निशिगंधाला समोसे लागलेत!"

वीज जायच्या काही क्षण आधी त्यांनी सोमवारपासूनच्या मोजमापांच्या फायली एकत्र करून सुट्या पुसल्या होत्या. नव्या फाइलचं नाव बरोबर, आकार बरोबर, आणि आत कुणाच्या तरी निरोप समारंभाची पुसलेली जुनी यादी. समोसे १२०, चटणी वेगळी.

टेंभेकरांना लगेच कळलं. नोंद झाली होती, मजकूर पोचलाच नव्हता, म्हणून त्या जागेवरचा जुनाच दिसत होता. बॅकअप रविवारचा. ऐन बहराचे पाच दिवस गेले, आणि तो बहर आता पुढच्या वर्षी.

'बघतो, उद्यापर्यंत प्रयत्न करतो,' एवढं म्हटलं की सुटका होती. ओळ बदलायला मिनिट लागलं नसतं, आणि दोष विजेवर ढकलला तर इथं कोण शंका घेणार? त्यांचा हात कीबोर्डकडे गेलाही. मग तो खिशात गेला. वही उघडून त्यांनी ते पान विभांपुढे धरलं.

"हे परत येणार नाही, विभाताई. उद्याही नाही. ही ओळ मी बदलली आणि मुद्दाम तशीच ठेवली."

"मुद्दाम?"

"तुम्ही वा म्हणालात ना."

विभा एकदम ओरडल्या, "अहो, मैकूलाल!"

प्रत्येक रोपाला पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. मोजमाप आधी तिच्यावर पेन्सिलीनं, शाई पावसात धुऊन जाते म्हणून. आणि विभांनीच सकाळी माळ्याला, मैकूलालला, सांगितलं होतं, सगळं कंप्यूटरमध्ये चढलंय, आज चिठ्ठ्या काढून वाफे साफ कर.

दोघं धावत सुटले. ऑगस्टच्या उन्हात स्वेटर घालून पळणारे टेंभेकर बघायला अख्खी प्रयोगशाळा खिडकीत आली.

"मैकू भैया, रुकिए!"

"मैडम, आप ही तो बोलीं कि सब चढ़ गया।"

एक रांग खताच्या खड्ड्यात गेली होती. चिखलातून वेचून काढल्या तरी साठातल्या सात चिठ्ठ्यांचा लगदाच झाला होता. उद्यावर ढकललं असतं, तर साठही गेल्या असत्या.

संध्याकाळी टेंभेकरांनी आधी ओळ ऑर्डर्ड केली, वहीत खूण केली, मग टाइप करायला बसले. विभा एकेक चिठ्ठी वाचू लागल्या.

"चढला आकडा?"

"थांबा. हं, आता चढला. पुढचा."

"किती वेळ लावता हो!" त्या बोलून गेल्या, आणि स्वतःच जीभ चावून चिठ्ठी धरून बसल्या.

सात जागा रिकाम्या राहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात टेंभेकरांनी लिहिलं, 'कारण : ज. टेंभेकर.' विभांनी कीबोर्ड ओढून पुढे जोडलं, 'आणि विभा.' मग चिठ्ठ्या पिशवीत भरायला लागल्या.

"थांबा," टेंभेकर म्हणाले, "आधी हे डिस्कवर पोचू दे."